कबीर आणि रसखान: सीमेकडे पाहण्याच्या दोन रीती

काशीचा विणकर कबीर हिंदू-मुसलमान ही सीमारेषाच अमान्य करतो. पंडिताची मूर्तिपूजा आणि मुल्लाची बांग यांना तो एकाच दमात जाब विचारतो आणि त्याचा राम दशरथाचा पुत्र नसून निर्गुण आहे. रसखान मात्र कोणाशीच भांडत नाही. मुसलमान घरात जन्मलेला हा कवी व्रजभाषेतील एका सवैयात (सवैया छंदातील कवितेत) मागणे मागतो की, पुढच्या जन्मी माणूस झालो तर गोकुळच्या गवळ्यांत राहावे, पशू झालो तर नंदाच्या गायींत चरावे, दगड झालो तर गोवर्धनाचा व्हावे आणि पक्षी झालो तर यमुनाकाठच्या कदंबावर बसावे. पुनर्जन्म येथे वादाचा विषय उरत नाही, तो प्रेमाची भाषा होतो.

माझ्या मते रसखानचे काव्य अधिक गोड असले, तरी त्याला एका बाजूने ‘आपला’ म्हणून मिरवणे सोपे जाते. कबीर असा सहजी हाती लागत नाही: तो जिथे वारला असे मानतात त्या मगहरला त्याची हिंदूंनी मानलेली समाधी आणि मुसलमानांनी मानलेली मजार (कबर) शेजारीशेजारी आहेत, आणि १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथात, म्हणजे शिखांच्या धर्मग्रंथात, त्याच्या वाणीला सूफी संत शेख फरीदांच्या वाणीचा शेजार लाभला आहे.