तांब्या की तालीम? रेखाटनाच्या सरावाचे दोन मार्ग

शाळेत इंटरमिजिएटपर्यंत ड्रॉइंग केलं, मग पेन्सिल सुटली, आता रोज अर्धा तास काढता येईल. अशा माणसापुढे पाहून काढण्याच्या सरावाचे दोन मार्ग असतात: घरी एकच वस्तू समोर ठेवून सावकाश काढणं, किंवा बाहेर पडून हलती माणसं, जनावरं भराभर टिपणं. दोन्ही मी केलेत. दोन्हींतून सुधारतं ते मात्र वेगवेगळं.

आधी घरचा. पितळी तांब्या खिडकीशी ठेवा. आपण त्याचं तोंड लंबगोल काढतो आणि बूड सरळ रेघेवर टेकवतो, कारण तो सपाट बसलाय हे डोक्यात पक्कं असतं. नीट बघा. बूड डोळ्यांच्या पातळीपासून तोंडापेक्षा जास्त खाली आहे, म्हणून त्याची कड तोंडाहून जास्त गोलाईची दिसते. आता हात कोपरात न वाकवता पेन्सिल समोर धरा, एक डोळा मिटा, तांब्याची रुंदी मोजा आणि ती उंचीत किती वेळा बसते ते पाहा. कोपर वाकलं की पेन्सिल डोळ्याजवळ येते आणि माप चुकतं.

तांब्या जमला की कोल्हापुरी चप्पल घ्या. पट्टा, अंगठा, कान असं एकेक काढायला गेलात तर फसाल. त्याऐवजी पट्टा आणि तळ यांच्यामधून दिसणारी मोकळी जागा काढा. त्या पोकळीला नाव नसतं, त्यामुळे हात पाठ झालेला आकार काढत नाही, डोळ्यांना दिसतं तेच काढतो. सगळ्या सरावांत मला हा सर्वांत मोलाचा वाटतो.

पण नुसतं हेच केलं तर रेघ जड होते. दोन महिने घरीच काढल्यावर माझ्या वस्तू मापात आल्या, माणसं मात्र खांबासारखी ताठ.

तिथे बाहेरचा मार्ग कामी येतो. एका चित्राला ३० सेकंद ते २ मिनिटं. नाक-डोळे नकोत, डोक्यापासून भार पेलणाऱ्या पायापर्यंतचा कल एका रेघेत पकडायचा. कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत पहिल्याच दिवशी गेलात तर कुणीच स्थिर सापडणार नाही आणि उत्साह मावळेल. त्यापेक्षा पुन्हा पुन्हा होणारी हालचाल शोधा. वस्तादांना विचारून तालमीत बसा. जोर मारणारा पैलवान थोड्या थोड्या वेळाने त्याच स्थितीत परत येतो. पानावर दोन चित्रं सुरू करा, एक वर उठलेल्याचं, एक खाली गेलेल्याचं, आणि आळीपाळीने रेघा वाढवत जा. नाहीतर गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर धारेला उभी असलेली म्हैस काढा. ती बराच वेळ जागची हलत नाही.

घरच्या सरावाला कार्ट्रिज पेपर, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद, आणि मऊ २बी पेन्सिल. बाहेर पाठकोरे कागद आणि बॉलपेन, म्हणजे खोडायचा मोहच नको.

मोबाईलवरचा फोटो बघून काढणं मी यात धरत नाही. वस्तूची खोली, म्हणजे तिचा पुढे-मागेपणा, सपाट करण्याचं काम कॅमेऱ्यानं आधीच केलेलं असतं, आणि शिकायचं असतं नेमकं तेच.

तर कुठला घ्यावा? जुनी वही उघडा. खुर्चीचे पाय लहान-मोठे, भांड्यांची तोंडं वाकडी असतील तर महिनाभर घरीच काढा. मापं बरी पण माणसं ताठ असतील तर बाहेर पडा. ठरत नसेल तर पाच दिवस घरी आणि रविवारी बाहेर. दोन्हीला सारखा वेळ देऊ नका. माप हाताशी नसताना केलेली घाई चुकाच पक्क्या करते.

रविवारची जागाही सारखी बदलू नका. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहमान मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिकून परतले आणि इथल्या रंकाळा, कोटितीर्थ या तलावांचा परिसर वर्षानुवर्षं रंगवत राहिले. एकाच जागी परत परत गेलं की बदललेला उजेड कळायला लागतो. रंकाळ्यावर संध्यामठाची जुनी दगडी वास्तू काढणार असाल तर सकाळी लवकर पोहोचा आणि सावल्यांच्या कडा आधी आखून घ्या. ऊन चढलं की त्या आखडतात आणि अर्ध्या चित्राचा उजेड बदलून जातो.