काँक्रीट की डांबर? पुण्याच्या रस्त्यांचा कार्बन हिशेब

काँक्रीटचा रस्ता तीसेक वर्षं टिकू शकतो, पण त्याचं कार्बनचं कर्ज पहिल्याच दिवशी डोक्यावर बसतं. सिमेंटसाठी चुनखडी भाजताना भट्टीचा धूर होतोच, शिवाय खुद्द चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड सुटतो. हा वाटा निम्म्याहून जास्त असतो आणि इंधन बदलून तो घटत नाही. सिमेंटमध्ये फ्लाय अॅश (कोळशाच्या वीजकेंद्रातली राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलं तर भार हलका होतो. पण पेठेतल्या गल्लीत जलवाहिनीसाठी दोन वर्षांत तोच रस्ता फोडला, तर सगळा हिशेबच कोसळतो. हे मनाला फार लागतं.

डांबराचं हॉट मिक्स, म्हणजे खडी-डांबराचं गरम मिश्रण, साधारण १५० ते १६५ अंशांना तापवतात. वॉर्म मिक्सला २० ते ४० अंश कमी पुरतात, तेवढं इंधन वाचतं. जुना थर खरवडला तर तीच खडी, तेच डांबर पुन्हा कामी येतं आणि घरांचे उंबरेही रस्त्याखाली जात नाहीत. पाणी मात्र डांबराचं वैरी. तरी १९७० च्या दशकातला आपला जंगली महाराज रस्ता डांबरीच होता, आणि निचरा व दर्जा सांभाळल्यामुळे कित्येक दशकं टिकला!

म्हणून माझी पसंती: बसगाड्यांच्या मार्गांवर स्लॅगचं काँक्रीट, गल्ल्यांत खरवडून वॉर्म मिक्स.