लोकसंख्या आणि घरांची मागणी - ऑनलाइन कोर्स केला, माझा रिव्ह्यू (5 पैकी 4)

कालच संपवला हा कोर्स. घ्यायच्या आधी मी कुणाचा तरी अनुभव वाचायला मिळतो का ते खूप शोधलं, मिळाला नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

पहिले दोन आठवडे जन्मदर, मृत्युदर, स्थलांतर वगैरे बेसिक आहे, जरा पळवत बघितलं तरी चालतं. खरी मजा तिसऱ्या आठवड्यात. एक एक्सेल शीट देतात, त्यात 1000 माणसं आणि घरटी 4 जण टाकले की 250 घरं लागतात. मग माणसं 900 करायची, म्हणजे लोकसंख्या चक्क 10 टक्के कमी, आणि घरटी माणसं अडीच करायची. उत्तर 360! मी दोनदा तपासलं, इतकी वर्षं मी माणसंच मोजत होते, मोजायची असतात कुटुंबं, आणि मुलं वेगळी राहायला लागली, घटस्फोट झाले, म्हातारी माणसं जास्त वर्षं एकटी जगायला लागली की माणसं तेवढीच राहून कुटुंबं वाढतात हे कुणी इतकं सोपं करून सांगितलंच नव्हतं.

जपानचं उदाहरण तर फारच छान घेतलंय. तिथे लोकसंख्या घटतेय तरी कुटुंबांची संख्या बरीच वर्षं वाढत राहिली, आणि तरीही 2023 च्या पाहणीत 90 लाख घरं रिकामी निघाली, म्हणजे साधारण दर सात घरांमागे एक. कारण तरुण गावं सोडून टोकियोकडे जातात आणि घर काही त्यांच्या मागे चालत जात नाही, त्यामुळे एकाच देशात इकडे कुलूप आणि तिकडे घर शोधताना दमछाक.

मॅनक्यू आणि वाइल या अर्थतज्ज्ञांचं 1989 चं भाकीतही आहे. अमेरिकेत जन्म कमी झालेत, म्हणून 2007 पर्यंत महागाई वजा करून घरांच्या किमती 47 टक्के पडतील असं त्यांचं गणित होतं, आणि झालं उलटंच, मधल्या काळात किमती चढल्या. फक्त वयाचे आकडे धरून भाव सांगायला जाऊ नये हे तिथे डोक्यात पक्कं बसलं.

एक स्टार का कापला? शीटमध्ये घरटी माणसं किती हा आकडा आपणच ठरवून टाकायचा. पण घरं महाग झाली की मुलं आईवडिलांकडेच राहतात, लग्नं पुढे ढकलतात, चारजण मिळून एक फ्लॅट भाड्याने घेतात, म्हणजे किमतीमुळे कुटुंबांची संख्याच बदलते ना! मग नुसती तयार झालेली कुटुंबं मोजली तर ज्यांना वेगळं राहायचंय पण परवडत नाही ती माणसं हिशोबात येतच नाहीत. मला हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच ठरलेलं कॉपी-पेस्ट उत्तर आलं. पुढच्या बॅचला यावर एक तरी व्हिडिओ टाका, प्लीज.

एक्सेल अजिबात येत नसेल तर आधी थोडं शिकून घ्या, तिसऱ्या आठवड्यात अडकाल.