असोसिएशनची मेंबरशिप, परिषदा आणि शनिवारची बैठक: एका ओटीचा रिव्ह्यू

ऑक्युपेशनल थेरपिस्टला (थोडक्यात ओटी; आजारानं, इजेनं किंवा वाढीतल्या अडचणीनं अडलेली जेवण्या-लिहिण्यासारखी रोजची कामं माणसाला जमवून देणारा) आपल्या क्षेत्रातल्या माणसांत ऊठबस ठेवायची तर काय काय सोयी आहेत, आणि त्यातल्या कशावर पैसे आणि रविवार घालवावेत, याचा हा रिव्ह्यू. मी सांगलीत क्लिनिक चालवते. निम्मी लहान मुलं, निम्मे हाताचे पेशंट. हाताचे म्हणजे आमच्या भागात कडबाकुट्टी, रसाचा चरक आणि मळणी यंत्र. मुंबईत शिकत होते तेव्हा अडलं की शेजारच्या टेबलावर सीनियर असायची. इथे शेजारी मेडिकलचं दुकान आहे. तेव्हा एकहाती क्लिनिक चालवणाऱ्याच्या नजरेनं हे वाचा. मोठ्या हॉस्पिटलात नोकरी असेल तर तुमचा हिशेब वेगळा निघेल.

आधी एक गोंधळ मिटवते, कारण नवी मुलं दर वर्षी तोच घालतात. कौन्सिल वेगळी, असोसिएशन वेगळी. महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीची कौन्सिल २००२ च्या कायद्यानं आलेली आहे आणि प्रॅक्टिस करायची तर तिथली नोंदणी हवीच. तिला स्टार काय द्यायचे! ते वीजबिलासारखं आहे, भरायचं आणि गप्प बसायचं. असोसिएशन मात्र तुमच्या मर्जीवर. म्हणूनच तिचा रिव्ह्यू होऊ शकतो.

ऑल इंडिया ऑक्युपेशनल थेरपिस्ट्स असोसिएशन १९५२ ची. त्याच्या दोन वर्षं आधी, १९५० साली, कमला निंबकरांनी मुंबईच्या केईएममध्ये ओटीचं शिक्षण सुरू केलं. बाई मूळच्या अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. लग्न करून निंबकर झाल्या आणि इथल्याच होऊन राहिल्या. असोसिएशनच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच. (फलटणची कमला निंबकर बालभवन शाळा पुष्कळांना माहीत असते, इरावती कर्वे त्यांच्या विहीणबाई हेही कुणाकुणाला माहीत असतं, पण आपल्या डिग्रीची सुरुवात त्यांच्यापासून झाली हे ओटीच्या फायनल इयरच्या मुलांना सांगावं लागतं. असो.) ऑक्युपेशनल थेरपिस्टांचा जागतिक महासंघ स्थापन झाला तोही १९५२ मध्येच, आणि संस्थापक देशांत भारत होता. म्हणजे मेंबरशिप घेताना कुठल्या तरी होतकरू मंडळात नाव घालतोय असं समजू नका.

मेंबरशिपचं हातात काय पडतं? प्रमाणपत्र, शाखेशी ओळख, ओटिकॉन या वार्षिक परिषदेचं आमंत्रण आणि इंडियन जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपी. जर्नल वाचा, मनापासून सांगते. परदेशी पुस्तकांत स्ट्रोकचा पेशंट खुर्चीवर बसून काट्या-चमच्यानं जेवतो. आपला पेशंट मांडी घालून, भाकरी मोडून जेवतो, आणि त्याला उकिडवं बसता आलं नाही तर घरात पहिली अडचण संडासाची होते. हस्ताक्षराच्या चाचण्यांचंही तेच. त्यातल्या बहुतेक रोमन अक्षरांवर बेतलेल्या. शिरोरेघ, वेलांट्या, जोडाक्षरं यांत अडकणाऱ्या तिसरीतल्या पोराला त्या काय मोजणार? इथल्या माणसांवर केलेलं काम सापडायची शक्यता इथल्या जर्नलात जास्त. नुसतं वाचून थांबू नका. एखादी नीट लिहून ठेवलेली केस असेल तर पाठवा. परीक्षकांचे शेरे आले की चार दिवस राग येतो, मग त्यातले निम्मे बरोबर असल्याचं पटायला लागतं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ती गोष्ट. आमच्या भागातले काही ओटी महिन्यातून एका शनिवारी, क्लिनिकं बंद झाल्यावर, कुणाच्या तरी क्लिनिकमध्ये जमतात. बॅनर नाही, समई नाही, फी म्हणजे ज्याच्याकडे बैठक त्याचा चहा आणि बाकीच्यांचा भडंग. प्रत्येकानं एक अडलेली केस आणायची. ‘यशस्वी’ केस आणायला बंदी आहे, आणि तो नियम ज्यानं केला त्याला माझ्याकडून पाच स्टार.

मध्यंतरी एक नवा मुलगा आला होता. त्याचा पेशंट दंडाचं हाड मोडल्यामुळे रेडियल नर्व्ह (मनगट वर उचलणारी नस) गेलेला, मनगट लुळं. पोरानं कॉक-अप स्प्लिंट, म्हणजे मनगट वर उचलून धरणारा आधार, केला होता, फोटोत देखणा दिसत होता. पेशंट तो घालत नाही ही त्याची तक्रार. आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ मॅडमनी फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, “ये, तुझाच हात दे.” इंडक्शनवर पसरट पातेल्यात पाणी ठेवलं, तळाला जुन्या ओढणीचा तुकडा, म्हणजे स्प्लिंटची प्लास्टिकची शीट चिकटत नाही. साधारण ६५-७० अंशांना शीट लोण्यासारखी मऊ पडली. ती पोराच्या हातावर टाकायच्या आधी मॅडमनी बॉलपेननं त्याच्या तळहातावरच्या रेषा गिरवल्या.

“ज्योतिषाकडे गेलायस कधी? ही हृदयरेषा. करंगळीच्या बाजूनं स्प्लिंट हिच्या अलीकडे थांबला पाहिजे. तर्जनीच्या बाजूनं मस्तकरेषेच्या अलीकडे. आणि अंगठ्याकडची ही आयुष्यरेषा, हिच्यावर चढायचं नाही.”

मग स्टीलचा पेला त्याच्या हातात दिला. स्प्लिंट रेषेच्या पलीकडे गेला तर बोटं मुळातून वाकत नाहीत, पेला नुसता टेकतो, धरला जात नाही. मॅडमनी कड कापली, गरम पाण्यात बुडवून बाहेरच्या बाजूला वळवली, पुन्हा पेला दिला. मूठ मिटली. मग मनगट किती वर उचलायचं यावर दोघांत वाद सुरू झाला, वीस अंश की तीस, तो चहा गार होईपर्यंत चालला. कॉलेजात हे सगळं शिकवतात, पुस्तकातही आहे. पण पुस्तक तुमच्या हातात पेला देत नाही.

बैठकीतले दोषही सांगते. वेळ पाळली जात नाही. गावं लांब, शेवटची एसटी निघून जाते, म्हणून बायका आधी उठतात आणि मुख्य चर्चा नेमकी त्यांच्यामागे होते. हे आम्ही बोलून दाखवलंय, अजून सुधारलेलं नाही. शिवाय पेशंटचं नाव घ्यायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही, हा नियम नव्यांना दर वेळी नव्यानं सांगावा लागतो. चार स्टार.

आता मोठ्या परिषदा. एकीत माझा बारा मिनिटांचा पेपर होता. तिचं नाव राहू दे. उद्घाटन लांबलं, शाल-श्रीफळं संपता संपेनात, आणि दुपारी अध्यक्षांनी सांगितलं, “मॅडम, पाच मिनिटांत आटपा.” मुलांची आकडेवारी वगळून मी निष्कर्षावर उडी मारली. प्रश्नोत्तरं नाहीतच, जेवण मात्र उत्तम. आता मी पेपरऐवजी पोस्टर देते. पोस्टरजवळ उभं राहिलं की ज्याला खरंच विचारायचंय तोच थांबतो आणि घड्याळ घेऊन कुणी उभं नसतं. आधल्या दिवशीच्या कार्यशाळेत जागा मिळाली तर ती सोडू नका, हाताला काम तिथेच मिळतं. नुसत्या हजेरीबद्दल मिळणाऱ्या क्रेडिट पॉइंटसाठी मागच्या रांगेत मोबाइल बघत बसायचं असेल तर तेवढं रेल्वेचं भाडं वाचवा. तीन स्टार, त्यातला एक पोस्टरच्या दालनाचा.

२७ ऑक्टोबरचा जागतिक ऑक्युपेशनल थेरपी दिवस २०१० पासून साजरा होतो. आपल्याकडे तो बऱ्याचदा दिवाळीच्या सुट्टीत सापडतो. २०१९ ला तर लक्ष्मीपूजनच त्या दिवशी होतं. शाळा बंद, मग पोस्टर कोणाला दाखवणार? तारखेचा हट्ट सोडा आणि शाळा भरलेल्या असताना जा. झेडपीच्या शाळेत व्याख्यान देऊ नका. पहिलीच्या वर्गात बाकाखाली वाकून बघा. ज्यांचे पाय लोंबकळतात त्यांच्या पायाखाली विटा ठेवायला सांगा. पाय टेकले की पोर सावरून बसतं, लिहिताना हाताला आधार मिळतो. बाईंना फरक डोळ्यांनी दिसतो आणि ओटी म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही. एका शाळेत तर बांधकामावरच्या उरलेल्या विटा बाईंनी स्वतः उचलून आणल्या, वर रंगवून घेतल्या.

इंटर्न घेणं हाही यातलाच भाग, पण त्याबद्दल थोडक्यात: वेळ जातो, पैसा मिळत नाही, आणि “मॅम, हे का करायचं?” या प्रश्नापुढे रोजच्या सवयीनं करत आलेल्या दोन-तीन गोष्टी टिकत नाहीत. मला हे आवडतं. सगळ्यांना आवडेलच असं नाही.

थोडे पैसे हाताशी असलेल्या नव्या ओटीला माझं सांगणं असं: मेंबरशिप घ्या, पहिल्या वर्षी परिषदेचा खर्च टाळा, जर्नल उघडा आणि आपल्या जिल्ह्यात अशी शनिवारची बैठक आहे का ते शोधा. नसेल तर तीन माणसं पुरतात. सांगली-कोल्हापूरकडचे असाल तर आमच्याकडेच या. येताना एक अडलेली केस आणा, आणि शीट कापायची चांगली कात्रीही. आमची बोथट झालीय आणि नवी कुणी घ्यायची यावर अजून एकमत झालेलं नाही.