अँड्रॉइडसाठी ॲप निवडताना: प्ले स्टोअर, एफ-ड्रॉइड की थेट एपीके?

अँड्रॉइड फोनवर किंवा टॅब्लेटवर एखादे ॲप हवे असले की बहुतेक जण शोधचौकटीत दोन शब्द टाकतात, वर आलेल्या तीन-चार नावांपैकी जास्त तारे असलेले उचलतात आणि मोकळे होतात. गणकयंत्र किंवा होकायंत्र हवे असेल तर एवढ्यावर भागते. पण ज्या ॲपमध्ये आपल्या नोंदी, पासवर्ड, छायाचित्रे किंवा रोजच्या येण्याजाण्याचा माग साठत जाणार आहे, ते निवडताना दोन प्रश्न वेगळे करावे लागतात: ॲप कोठून घ्यायचे, आणि एकाच कामासाठीच्या दोन-तीन ॲप्सपैकी कोणते घ्यायचे. पहिला प्रश्न सहसा कोणाच्या मनातच येत नाही, कारण प्ले स्टोअर फोनबरोबरच आलेले असते. माझ्या मते मात्र दुसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर पहिल्यातच मिळून जाते.

ॲप कोठून घ्यावे

२००८ मध्ये अँड्रॉइड मार्केट या नावाने सुरू झालेले आणि २०१२ पासून गूगल प्ले म्हणून ओळखले जाणारे दुकान हाच बहुसंख्य वापरकर्त्यांसाठी पहिला पर्याय आहे, आणि तो तसा असण्यात काही वावगे नाही. बँकेची, प्रवासाची, कार्यालयीन कामाची ॲप्स येथेच मिळतात. अपडेट आपोआप येतात. प्ले प्रोटेक्ट ही सुविधा फोनवरील ॲप्स वेळोवेळी तपासत राहते. आणि विकत घेतलेले ॲप पसंत पडले नाही तर ४८ तासांच्या आत परताव्याची विनंती करता येते. त्रास आहे तो शोधण्याचा. निकालांत सर्वांत वर दिसणारे नाव पुष्कळदा पैसे मोजून तेथे आलेले असते, आणि गाजलेल्या ॲपशी मिळतेजुळते नाव व चिन्ह घेतलेली ॲप्स त्याच्या आजूबाजूला बसलेली असतात. ॲपच्या नावाखाली बारीक अक्षरांत असलेले डेव्हलपरचे नाव वाचल्याशिवाय इन्स्टॉलचे बटण दाबू नये.

एफ-ड्रॉइड हे २०१० मध्ये सुरू झालेले, केवळ मुक्त स्रोत ॲप्सचे, म्हणजे ज्यांचा कोड कोणालाही पाहता आणि वापरता येतो अशा ॲप्सचे, भांडार आहे. प्लेवर लाखो ॲप्स आहेत, तर येथे काही हजारच. खाते उघडावे लागत नाही, तारे नाहीत, अभिप्राय नाहीत, किती जणांनी घेतले हा आकडाही नाही. हे प्रथम अडचणीचे वाटते, परंतु त्याऐवजी येथे जे मिळते ते प्लेवर मिळत नाही: बहुतेक ॲप्स एफ-ड्रॉइडची यंत्रणा उपलब्ध कोडवरून स्वतः तयार करते, त्यामुळे जाहीर केलेला कोड आणि फोनवर आलेले ॲप यांत तफावत राहण्याची शक्यता फार कमी होते. शिवाय ॲपमध्ये जाहिराती असतील, ते वापरकर्त्याचा माग ठेवत असेल किंवा एखाद्या बंदिस्त सेवेवर अवलंबून असेल, तर तशी इशारावजा नोंद ॲपच्या पानावरच केलेली असते. या पद्धतीची किंमतही आहे. डेव्हलपरने नवी आवृत्ती काढल्यानंतर ती येथे पोहोचायला काही दिवस लागू शकतात. आणि गूगलची सूचनायंत्रणा न वापरणाऱ्या ॲप्सना संदेश तत्काळ पोहोचवण्यासाठी स्वतःची जोडणी सतत उघडी ठेवावी लागते, ज्यामुळे बॅटरी थोडी अधिक खर्च होते किंवा सूचना उशिरा येतात. निरोप पाठवण्याच्या ॲपसाठी हा फरक जाणवतो, पुस्तके वाचण्याच्या ॲपसाठी मुळीच जाणवत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे एपीके, म्हणजे ज्यातून अँड्रॉइड ॲप बसवले जाते ती फाइल, थेट घेऊन इन्स्टॉल करणे. येथे फाइल कोणाकडून घेतली यावर सगळे अवलंबून आहे. सिग्नलसारखे निरोप पाठवण्याचे ॲप आपल्या संकेतस्थळावर स्वतःची एपीके देते आणि ती पुढे स्वतःच अपडेट होते. याउलट 'सशुल्क ॲप फुकट' अशी जाहिरात करणाऱ्या संकेतस्थळावरची फाइल ही दुसऱ्याच कोणीतरी उघडून पुन्हा बांधलेली असते, आणि तिच्यात काय भरले आहे हे बाहेरून कळत नाही. अँड्रॉइडनेही हा मार्ग हळूहळू अरुंद केला आहे. आवृत्ती ८ पासून बाहेरचे ॲप इन्स्टॉल करण्याची परवानगी एकदाच सरसकट न देता प्रत्येक ब्राउझरला किंवा फाइल मॅनेजरला वेगवेगळी द्यावी लागते. आवृत्ती १३ पासून अशा फाइलमधून आलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटीची (पडद्यावरचे वाचण्याची आणि वापरकर्त्याच्या वतीने बटणे दाबण्याची) किंवा सूचना वाचण्याची मुभा सहजासहजी मिळत नाही, कारण बँक खाती रिकामी करणारी ॲप्स याच दोन मुभांचा गैरवापर करतात. स्टोअरबाहेरून येणाऱ्या ॲप्सच्या डेव्हलपरनाही ओळख पटवावी लागेल, असे गूगलने २०२५ मध्ये जाहीर केले असून सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड या देशांत त्याची सुरुवात करण्याचे ठरवले आहे. एपीकेवर भिस्त ठेवणाऱ्यांनी या बदलाकडे लक्ष ठेवलेले बरे.

फोन बनवणाऱ्या कंपन्यांच्या स्वतःच्या स्टोअरबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सॅमसंगचे गॅलेक्सी स्टोअर त्याच कंपनीच्या घड्याळाच्या किंवा पेनच्या ॲप्ससाठी लागते, एरवी नाही. ॲमेझॉनचे ॲपस्टोअर इतर अँड्रॉइड उपकरणांवर २० ऑगस्ट २०२५ रोजी बंद झाले आणि ते आता कंपनीच्या स्वतःच्या उपकरणांपुरते उरले आहे. विकत घेतलेली ॲप्स दुकानाबरोबर अडचणीत येऊ शकतात हे यातून दिसतेच.

प्लेवरील पानात काय पाहावे, किती मानावे

ताऱ्यांची सरासरी हा सर्वांत ठळक आणि माझ्या मते सर्वांत कमकुवत पुरावा आहे. प्लेवर दिसणारी सरासरी जगभराची नसते. २०२१ च्या अखेरीपासून ती वापरकर्त्याच्या देशानुसार आणि त्यानंतर उपकरणाच्या प्रकारानुसारही दाखवली जाऊ लागली, त्यामुळे एकच ॲप फोनवर ४.५ आणि टॅब्लेटवर ३.६ असे दिसू शकते. हा फरक उपयोगाचा आहे, म्हणून टॅब्लेटसाठी ॲप शोधायचे असेल तर ते टॅब्लेटवरूनच शोधावे. अभिप्राय वाचताना 'नवीन आधी' ही मांडणी निवडून शेवटच्या दोन अपडेटनंतर लोक काय म्हणत आहेत तेवढे पाहिले तरी पुरते. 'छान ॲप' असे पाच तारे आणि 'चालत नाही' असा एक तारा, दोन्ही सारखेच निरुपयोगी. दोन किंवा तीन तारे देणारा माणूस बहुधा ॲप वापरून कंटाळलेला असतो आणि नेमके काय खटकले ते सांगतो.

ॲप कोणती माहिती गोळा करते हे सांगणारा डेटा सेफ्टी हा विभाग २०२२ मध्ये आला. तेथील माहिती डेव्हलपर स्वतःच भरतो, हे विसरून चालणार नाही. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने २०२३ मध्ये ४० लोकप्रिय ॲप्सच्या या नोंदी त्यांच्याच गोपनीयता धोरणांशी ताडून पाहिल्या, तेव्हा सुमारे ८० टक्के ॲप्समध्ये विसंगती आढळली. हा विभाग आणताना गूगलने परवानग्यांची जुनी यादी काढूनही टाकली होती, पण टीका झाल्यावर ती परत आणली. ही यादी यंत्रणा ॲपमधूनच काढते, म्हणून तिच्यावर जास्त विसंबता येते. नोंदवहीच्या ॲपला संपर्कयादी कशासाठी हवी, हा प्रश्न तेथे बघूनच पडतो. त्याहून खोलात जायचे असल्यास एक्सोडस प्रायव्हसी या फ्रेंच ना-नफा संस्थेच्या संकेतस्थळावर ॲपचे नाव टाकावे. त्यात माग ठेवणारे कोणकोणते घटक बसवलेले आढळले याची यादी मिळते.

डाउनलोडचा आकडा ॲप जुने आणि ओळखीचे आहे एवढेच सांगतो. 'बारकोड स्कॅनर' या नावाचे, १ कोटीहून अधिक डाउनलोड झालेले एक ॲप वर्षानुवर्षे नीट चालले होते, आणि २०२० च्या डिसेंबरमधील एका अपडेटनंतर ते अचानक ब्राउझर उघडून जाहिराती दाखवू लागले. त्याच नावाचे, झेडएक्सिंग या गटाने बनवलेले निर्दोष ॲपही तेव्हा स्टोअरवर होते, म्हणजे केवळ नावावरून चांगले कोणते आणि बिघडलेले कोणते हे ओळखता येत नव्हते. 'सिंपल मोबाइल टूल्स' या साध्या, जाहिरातमुक्त संचाचे प्रकरण इतके वाईट नव्हते, तरी तोही २०२३ च्या अखेरीस एका कंपनीला विकला गेला. कोड मुक्त असल्यामुळे प्रकल्पातल्याच एका सहयोगी डेव्हलपरने 'फॉसिफाय' या नावाने गॅलरी, कॅलेंडर, फाइल मॅनेजर अशी ॲप्स पुढे चालू ठेवली. ॲप बंद किंवा विकले गेले तर पुढे काय, याचे उत्तर मुक्त स्रोत ॲपबाबत निदान शक्य असते. बंदिस्त ॲपबाबत ते पूर्णपणे मालकाच्या मर्जीवर असते.

एकाच कामासाठी तीन ॲप्स: नकाशे

वरील निकष प्रत्यक्षात कसे लागतात हे नकाशांवर चांगले दिसते. समजा, नेटवर्क नसलेल्या भागात वाट दाखवणारे ॲप हवे आहे आणि समोर गूगल मॅप्स, ऑरगॅनिक मॅप्स आणि ऑसमँड हे तीन पर्याय आहेत.

गूगल मॅप्समध्ये हव्या त्या भागाचा नकाशा आधी उतरवून ठेवता येतो. दुकाने, वेळा, छायाचित्रे आणि नेटवर्क असताना रस्त्यावरील गर्दी या बाबतींत बाकीचे दोघे त्याच्या जवळपासही येत नाहीत. मात्र नेटवर्क गेले की ते केवळ गाडीने जाण्याचा मार्ग सांगते. पायी, सायकलने किंवा सार्वजनिक वाहनाने जायचे असेल तर गप्प बसते. उतरवलेल्या नकाशाला मुदत असते आणि तो वेळेवर अपडेट झाला नाही तर निघून जातो. डोंगरात पायवाट शोधणाऱ्यासाठी हे दोन्ही दोष निर्णायक ठरतात.

ऑरगॅनिक मॅप्स आणि ऑसमँड ही दोन्ही ॲप्स ओपनस्ट्रीटमॅपच्या, म्हणजे स्वयंसेवकांनी जमवलेल्या माहितीवर चालतात. त्यामुळे एखाद्या भागात हौशी मंडळी असतील तर तेथील पाऊलवाट, पाण्याची जागा, अगदी बसायचा बाकसुद्धा नकाशावर सापडतो. नसतील तर नवे दुकान वर्षभर दिसत नाही. ऑरगॅनिक मॅप्स चटकन उघडते, जाहिरात नाही, खाते नाही, पायी आणि सायकलचे मार्ग नेटवर्कशिवाय मिळतात, आणि पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला काही समजावून सांगावे लागत नाही. २०२५ मध्ये त्याच्या कारभारावरून सहयोगींमध्ये मतभेद होऊन कोमॅप्स ही वेगळी शाखा निघाली. रोजच्या वापरात दोन्ही सध्या तरी एकमेकांच्या बरीच जवळ आहेत. ऑसमँडमध्ये समोच्च रेषा (जमिनीचा चढउतार दाखवणाऱ्या), मार्गाची नोंद, नकाशाची वेगवेगळी रूपे असे पुष्कळ काही आहे, पण सेटिंगचे पडदे एकामागून एक उघडत जातात आणि जुन्या फोनवर मोठा नकाशा सरकवताना ते अडखळते. आणि येथेच कोठून घ्यायचे हा प्रश्न परत येतो: प्लेवरील मोफत आवृत्तीत मोजकेच नकाशे उतरवता येतात, तर एफ-ड्रॉइडवरील आवृत्तीत ती मर्यादा नाही. ॲप तेच, दुकान बदलले की सौदा बदलतो.

शहरात फिरणाऱ्याने गूगल मॅप्स ठेवावे, त्याला ऑरगॅनिक मॅप्सची जोड द्यावी. गिर्यारोहण किंवा लांबचे सायकलिंग करणाऱ्याने ऑसमँड शिकून घेण्याचे कष्ट घ्यावेत. तिन्ही एकाच फोनवर राहू शकतात, आणि विमानप्रवासाच्या मोडमध्ये ओळखीच्याच रस्त्यावर तिन्ही चालवून पाहिल्याशिवाय अनोळखी ठिकाणी त्यांच्यावर विसंबू नये.

टॅब्लेट घेतलेल्यांसाठी

टॅब्लेटवर फोनचेच ॲप चालते, पण ते ताणून मोठे केलेले असू शकते. ईमेलचे ॲप आडव्या पडद्यावर डावीकडे यादी आणि उजवीकडे पत्र असे दोन स्तंभ दाखवते की एकच ओळ कडेपासून कडेपर्यंत पसरवते, यावरून डेव्हलपरने टॅब्लेटचा विचार केला आहे की नाही ते एका नजरेत कळते. काही ॲप्स तर टॅब्लेट आडवा धरला तरी उभीच राहतात. २०२२ मधील अँड्रॉइड १२एलपासून मोठ्या पडद्याकडे लक्ष दिले जाऊ लागले, आणि अँड्रॉइड १६ मध्ये त्या आवृत्तीला लक्ष्य करून बांधलेल्या ॲप्सची 'फक्त उभे' ही अट मोठ्या पडद्यावर दुर्लक्षिली जाते. तरी डेव्हलपरला तूर्त त्यातून सूट घेता येते, आणि जुनी ॲप्स जुन्यासारखीच वागतात. म्हणून प्लेवरील पानावर टॅब्लेटचे स्क्रीनशॉट वेगळे दिले आहेत का, हे आधी पाहावे.

एखादे ॲप टॅब्लेटवर शोधूनही सापडत नसेल, तर ते स्टोअरमधून गेले असे लगेच समजू नये. ॲपने फोनजोडणी, कॅमेरा किंवा जीपीएस अनिवार्य म्हणून नोंदवले असेल आणि आपल्या उपकरणात ते नसेल, तर प्ले ते ॲप दाखवतच नाही. अशा वेळी कोठून तरी एपीके आणून बसवण्यात अर्थ नसतो. ते उघडले तरी नेमके हवे तेच काम करण्याची शक्यता कमी असते.

निवड कशी करावी

बँक, कार्यालय, सरकारी ओळख आणि पैशांशी संबंधित ॲप्स केवळ प्लेवरून घ्यावीत. यांतली काही ॲप्स आपण प्लेवरून आलो आहोत की नाही हे तपासतात आणि नसल्यास चालायला नकार देतात. वाचन, ध्वनिफिती, पॉडकास्ट, फाइल व्यवस्थापन, पासवर्ड, नोंदी यांसाठी आधी एफ-ड्रॉइड चाळावे. व्हीएलसी, अँटेनापॉड, कीपासडीएक्स अशी ॲप्स दोन्हीकडे आहेत, आणि पसंत पडले नाही तर प्लेवर परत येण्यात काहीच नुकसान नाही. थेट एपीके फक्त डेव्हलपरच्या स्वतःच्या पानावरून, आणि अपडेट कसे येणार हे ठाऊक असेल तरच. ज्याला या सगळ्यात पडायचे नाही, किंवा जो घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोन लावून देत आहे, त्याने प्लेवरच थांबणे शहाणपणाचे.

दोन ॲप्समध्ये तरीही घोळ राहिला, तर आपली माहिती बाहेर काढता येते का, आणि कोणत्या स्वरूपात, हे पाहून निकाल लावावा. नोंदी साध्या मजकुरात, संपर्क व्हीसीएफमध्ये, मार्ग जीपीएक्समध्ये देणारे ॲप थोडे ओबडधोबड असले तरी मी तेच निवडीन. निर्यातीची ही सोय दुकान बदलतानाही उपयोगी पडते. प्लेवरील आणि एफ-ड्रॉइडवरील एकाच ॲपच्या डिजिटल सह्या (ॲप कोणी बांधले हे फोनला ओळखू देणाऱ्या खुणा) बहुधा वेगळ्या असतात, त्यामुळे एकावर दुसरे अपडेट म्हणून बसत नाही. आधीचे काढून टाकावे लागते आणि त्याबरोबर त्यातील माहितीही पुसली जाते. म्हणून आधी निर्यात करावी, ती फाइल दुसऱ्या उपकरणावर उघडून पाहावी, आणि मगच जुने ॲप काढावे.