पेलेट स्मोकर, आठ महिन्यांनंतर: काय बिघडलं, काय बदललं

पेलेट स्मोकर, म्हणजे लाकडाचे पेलेट जाळून त्याच्या धुरात हळूहळू मांस शिजवायचं मशीन, घेऊन आठ महिने झाले आणि जवळपास दर शनिवार-रविवारी चालवलाय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. मशीन मला मनापासून आवडतं. पण राख, ओल आणि काजळी या तीन गोष्टी त्याला अजिबात चालत नाहीत, आणि मी पहिले तीन महिने सगळा दोष कंट्रोलरला (तापमान सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाला) देत होतो, तो तर त्याचं काम नीट करत होता.

काम तसं सोपं आहे. हॉपरमध्ये, म्हणजे बाजूच्या पेटीत, पेलेट भरायचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या साधारण ६ मिमी जाडीच्या कांड्या, खाली ऑगरचा, म्हणजे नळीत फिरणारा, स्क्रू त्या फायरपॉटमध्ये (जळणाच्या भांड्यात) ढकलतो, इग्नायटर (तापणारा विजेचा रॉड) पेटवतो, पंखा हवा देतो आणि प्रोबवरचं (आतल्या तापमान मोजणाऱ्या सळईवरचं) तापमान बघून कंट्रोलर ठरवतो की ऑगर किती वेळ फिरवायचा. यातलं एक जरी हललं की त्रास सगळीकडे दिसतो, म्हणून नक्की काय बिघडलंय ते पटकन कळत नाही.

माझी पहिली तक्रार तापमानाची होती. १०७ अंश सेल्सिअसवर लावायचो आणि आकडा ९० ते १३५ असा झोके खात राहायचा. कंट्रोलर खराब आहे असंच वाटलं, बदलायलाच निघालो होतो, पण त्याआधी प्रोब काढून बघितला तर त्यावर डांबरासारखा काळा चिकट थर. प्रोब बिघडलाय का ते बघायला मल्टीमीटर लावला. माझा पीटी १००० प्रकारचा आहे, त्याचा विद्युत रोध तापमानाप्रमाणे बदलतो, म्हणजे बर्फाच्या पाण्यात १००० ओहम आणि उकळत्या पाण्यात १३८५ च्या आसपास यायला पाहिजे (उंचावर राहत असाल तर पाणी कमी तापमानाला उकळतं, थोडं कमीच येईल). दोन्ही आकडे बरोबर आले! प्रोब ठीकच होता, थरामुळे उष्णता त्याच्यापर्यंत उशिरा पोचत होती, तोपर्यंत ऑगर पेलेट टाकत राहायचा आणि मग तापमान उसळायचं. व्हिनेगरमध्ये कापड भिजवून पुसला, तेव्हापासून झोके निम्म्यापेक्षा कमी झाले. आता दर चार-पाच वेळांनी पुसतो.

दुसरा प्रकार जास्त गंभीर आहे, नीट वाचा. रात्रभराचं मांस लावलं होतं, पहाटे बघतो तर आग विझलेली. फायरपॉटची हवेची भोकं राखेने बुजली होती, आणि विझल्यावरही ऑगर पेलेट टाकतच राहिलेला, भांडं काठोकाठ भरलेलं. मी घाईत झाकण बंद ठेवूनच परत चालू केलं. आधी पिवळट पांढरा दाट धूर, झाकणाच्या फटीतून, हॉपरमधून, सगळीकडून, आणि मग धप्प असा आवाज होऊन झाकण वर उचललं गेलं. साठलेला धूर एकदम पेटला होता. कुणाला लागलं नाही पण हात थरथरत होते. आग मधेच विझली तर आता प्लग काढतो, पूर्ण गार होऊ देतो, फायरपॉट रिकामा करतो आणि झाकण उघडं ठेवूनच परत पेटवतो. राख व्हॅक्यूमने काढायची ती पण पूर्ण गार असतानाच, आतला एखादा निखारा व्हॅक्यूमच पेटवू शकतो. आणि बंद करताना थेट प्लग काढू नका, शटडाउनमध्ये पंखा चालून उरलेले पेलेट जळून जाऊ द्या, नाहीतर आग ऑगरच्या नळीतून मागे हॉपरकडे सरकू शकते.

माझा ऑगर अडकला तो शंभर टक्के ओलीमुळे. पावसात हॉपर भरलेला राहिला, कव्हर होतं तरी, आणि पेलेट फुगून नळीत सिमेंटसारखे बसले. मोटर काढली, तिला स्क्रूशी जोडणारी पिन काढली, पान्याने स्क्रू उलटा फिरवत फिरवत दोन तासांनी बाहेर आला. आता काम झालं की हॉपर रिकामा करतो, पेलेट घट्ट झाकणाच्या डब्यात. एक कांडी मोडून बघायची, कट् असा आवाज होऊन तुटली तर चांगली, बोटात भुगा झाला तर ती बॅच वापरू नका.

पाचव्या महिन्यात इग्नायटर गेला. २०० वॅटचा रॉड असेल तर २३० व्होल्टच्या मशीनमध्ये मल्टीमीटरवर साधारण २६५ ओहम दाखवायला पाहिजे, १२० व्होल्टच्यात ७२, माझा काहीच दाखवेना. बदलायला वीस मिनिटं, त्यात अवघड काही नाही.

आता बदलांबद्दल. झाकणाला उष्णता सहन करणारी गॅस्केट पट्टी लावली, धूर फटीतून जायचा थांबला आणि वाऱ्याच्या दिवशी खूप फरक पडला, पण चिकटवण्याआधी कडेचं तेल पूर्ण काढा नाहीतर दोन आठवड्यात सुटते. गॅस्केटनंतर सगळा धूर चिमणीतूनच जातो, मी चिमणीची टोपी फार खाली केली होती तर धूर आत कोंडून मांसाला कडवट चव आली, थोडी वर घेतल्यावर गेली.

नंतर पीआयडी कंट्रोलर बसवलाच. जुना ठरलेल्या वेळेने ऑगर चालू-बंद करायचा, हा सतत हिशोब करतो, आता ५ अंशांच्या आत राहतं. घेण्याआधी तुमचा प्रोब पीटी १०० आहे की पीटी १००० ते नक्की बघा, जुळला नाही तर आकडे पूर्ण चुकतात. एक गोष्ट मात्र गेली, आग इतकी स्थिर आणि स्वच्छ जळते की धुराची चव कमी झाली. त्यासाठी भोकांची स्मोक ट्यूब घेतली, पेलेट भरून एका टोकाला पेटवायची, चार-पाच मिनिटांनी ज्योत फुंकून टाकायची, मग तासन् तास धुमसते. सगळ्या बदलांमध्ये चवीच्या बाबतीत हाच सगळ्यात मोठा, आणि सगळ्यात सोपा.

फायरपॉटवरच्या पत्र्याची डावी फट अजून बंद करायची राहिलीय, त्या बाजूला जाळी कायम थोडी जास्त तापते, म्हणून तोपर्यंत जाड तुकडे तिकडे आणि पातळ उजवीकडे ठेवतोय. जादा इग्नायटर आणि दोन पिना आणून ठेवल्यात.