फाइल शोधताना मेलचा पसारा: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

रत्नागिरीत एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंगपासून फायली लावण्यापर्यंत सगळं मी बघते. कामं बहुतेक जमिनीची: वाटप, वारस नोंद, फेरफार. कोकणातला सातबारा ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे, जमीन पाच गुंठे आणि नावं चाळीस. त्यातले निम्मे मुंबईला. एकाने ‘सातबारा मिळाला’ अशी मेल टाकली की बाकीचे झाडून सगळ्यांना उत्तर देणार: ‘ओके’, ‘थँक्स’, ‘माझं नाव राहिलंय बघा’.

गेल्या गणपतीत एक काका समोर बसलेले, रात्रीची गाडी पकडायची होती. टास्कबारवरच्या शोधात ‘फेरफार’ टाकलं तर नुसत्या मेलच मेल. पीडीएफ कुठे दडली ते कळेना. काका दर दोन मिनिटांनी, “गावला काय गो?” शेवटी कपाटातून कागद काढून झेरॉक्स दिली.

त्याच आठवड्यात कंट्रोल पॅनलमधल्या इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये गेले (विंडोज शोधासाठी कशाकशाची यादी करून ठेवतं ते इथे ठरतं), मॉडिफाय दाबून मायक्रोसॉफ्ट आउटलुक, म्हणजे आमच्या मेलच्या प्रोग्रामपुढची खूण काढली आणि अ‍ॅडव्हान्स्डमधून रीबिल्ड केलं. यादी नव्याने बनायला अख्खा दिवस गेला, मधे दोनदा लाइट गेली. पण दुसऱ्या दिवशी शोध स्वच्छ. म्हणजे जवळजवळ. लिफाफ्याचं चिन्ह असलेल्या काही फायली तरी येतच होत्या. आमचे सर महत्त्वाची मेल आउटलुकमधून ओढून केसच्या फोल्डरमध्ये टाकतात. तिची एमएसजी फाइल होते आणि मेलचा विषय हेच तिचं नाव. विंडोजच्या दृष्टीने ती साधी फाइल, आउटलुकची खूण काढून ती जाणार कशी? अ‍ॅडव्हान्स्डमधल्या फाइल टाइप्समध्ये एमएसजीवरची खूणही काढता येते, पण ही मेल पुढे पुरावा म्हणून लागते. मी प्रत्येक केसमध्ये ‘पत्रव्यवहार’ नावाचं फोल्डर केलं आणि सरांना तिथेच टाकायला लावलं. (हे सगळ्यात अवघड काम होतं.)

चार महिने बरे गेले. मग फेब्रुवारीत सरांना समोरच्या पार्टीची जुनी मेल हवी होती. आमचं खातं जुन्या पद्धतीचं, सगळी मेल कॉम्प्युटरवरच्या पीएसटी फायलीत. तिथे आउटलुकचा स्वतःचा शोध विंडोजच्या त्याच यादीवर चालतो, आणि त्या यादीतून मेल तर मीच काढून टाकलेली. शोध रांगत राहिला, जोडलेल्या कागदातला मजकूर तर सापडलाच नाही. सर काही बोलले नाहीत, नुसते चष्म्यावरून बघत राहिले. खूण परत लावली.

आता फाइल नावाने शोधायची असेल तर ‘एव्हरीथिंग’ हे फुकट सॉफ्टवेअर वापरते. ते ड्राइव्हवरच्या फायलींची फक्त नावं वाचतं. पीएसटीच्या पोटातली मेल त्याला दिसतच नाही आणि गट नंबर अर्धा टाइप होतो तोवर यादी समोर येते. त्याच्या सेटिंगमध्ये ‘पत्रव्यवहार’ फोल्डरं वगळली आहेत. मात्र प्रत्येक फाइलच्या नावात गट नंबर आणि गाव हवंच, नाहीतर त्याचा उपयोग शून्य. आतला मजकूर शोधायचा असेल तेव्हा विंडोजचाच शोध, फाइल एक्सप्लोररमधून: चौकटीत इंग्रजीत काइंड, पुढे विसर्गासारखे दोन टिंब, मग डॉक्युमेंट. मेल आपोआप गळते.

तेव्हा मेल ब्राउझरमध्येच उघडत असाल तर यातलं काहीच करू नका. आउटलुकमध्ये रोज जुनी मेल शोधत असाल तर ती खूण काढू नका. क्वचितच शोधत असाल तर बेलाशक काढा.

एक दुखणं अजून आहे. मोबाइलवरून आलेले जेपीजी विंडोजच्या लेखी चित्रं, त्यामुळे डॉक्युमेंट म्हटलं की तेही गळतात. आणि त्यांची नावं म्हणजे नुसते आकडे, एव्हरीथिंग तरी काय शोधणार! असे शे-दीडशे पडलेत. पावसात पक्षकार कमी येतात, तेव्हा बसून नावं देईन.